रॅपमधलं भूत: शब्द एकाचे, नाव दुसऱ्याचं

2024च्या एप्रिलमध्ये ड्रेक आणि केंड्रिक लमार या दोन बड्या रॅपरांचं भांडण ऐन रंगात आलं होतं. एकाने गाणं सोडायचं, दुसऱ्याने गाण्यानेच उत्तर द्यायचं, असा सामना. ‘यूफोरिया’ या गाण्यात केंड्रिकने जाता जाता एक प्रश्न टाकला: मी लढतोय ते भुताशी की एआयशी?

एआयचा टोमणा लगेच कळला. काही दिवसांपूर्वीच ड्रेकने एका गाण्यात दिवंगत रॅपर टुपाक शकूरचा आवाज मशीनकडून बनवून घेतला होता, आणि टुपाकच्या हक्कांची देखभाल करणाऱ्यांच्या वकिलाने पत्र धाडल्यावर ते गाणं निमूट काढूनही टाकलं होतं. पण भूत? रॅप अधूनमधून ऐकणाऱ्याला हा टोमणा डोक्यावरून जातो. जाणकारांच्या लेखी मात्र तोच जास्त झोंबणारा होता. ‘तुझे शब्द तुझे नाहीत’ याहून मोठी शिवी या संगीतात क्वचितच असेल.

एवढं काय त्यात? गाणारा एक आणि लिहिणारा दुसरा, हे तर जगभर चालतं. मग रॅपमध्येच हा गुन्हा का?

भूत म्हणजे नेमकं कोण

घोस्टरायटर म्हणजे पडद्याआडचा लेखक. तो लिहितो, पैसे घेतो आणि नाहीसा होतो. नाव दुसऱ्याचं लागतं. पुढाऱ्यांची भाषणं आणि नटांची आत्मचरित्रं बऱ्याचदा अशीच तयार होतात, आणि त्यात कुणाला धक्का बसत नाही.

रॅपच्या वादांमध्ये मात्र तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्या जातात. गाण्याच्या श्रेययादीत ज्याचं नाव छापलेलं असतं तो सहलेखक. त्याला भूत म्हणणं चूक, कारण तो लपलेलाच नाही. ज्याने राजीखुशीने लिहून दिलं पण नाव कुठेच नाही, ते खरं भूत. आणि ज्याचे शब्द न विचारता उचलले, त्याच्या बाबतीत झाली ती सरळ चोरी. हिप-हॉपवाले, म्हणजे रॅप ज्या संगीत-संस्कृतीतलं त्या जगातले लोक, तिला ‘बाइटिंग’ म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास तोडणं. यापुढे कुणावर आरोप झालेला ऐकलात की आधी या तिघांपैकी कोणता, ते विचारा. अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

गायकाला हा प्रश्न कुणी का विचारत नाही?

एल्व्हिस प्रेस्ली स्वतः गाणी लिहीत नसे. फ्रँक सिनात्राची जवळजवळ सगळी गाणी इतरांची. आपल्याकडे भावगीत लागण्याआधी रेडिओवर तीन नावं सांगायची पद्धतच होती: शब्द यांचे, चाल यांची, गायलंय यांनी. गायकाने कधी म्हटलंच नव्हतं की हे शब्द माझे आहेत. त्यामुळे फसवणुकीचा प्रश्नच नाही.

रॅपर मात्र ओळीओळीला तेच म्हणत असतो. तो स्वतःचं नाव घेतो, आपली गल्ली, आपले वैरी, आपली आई, आपला तुरुंगवास सांगतो, आणि वर छाती ठोकून म्हणतो की माझ्यासारखे शब्द कुणाला जुळवता येत नाहीत. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येतं तशी ही नाममुद्रा आहे. ‘तुका म्हणे’ लिहिल्यावर त्या शब्दांची जबाबदारी तुकोबांची. तिथे दुसराच कुणी बसलेला निघाला, तर ऐकणाऱ्याला ठकवल्यासारखं वाटणारच.

त्यात हे संगीत स्पर्धेतून वाढलेलं. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, 1520 सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीत, डीजे कूल हर्कने पार्टी केली; हिप-हॉपचा जन्म तिथला मानतात. तेव्हा राजा होता तो तबकड्या फिरवणारा डीजे. माइकवर बोलणारा एमसी हा गर्दी पेटती ठेवणारा मदतनीस. पण काही वर्षांतच एमसी एकमेकांना भिडू लागले. आपल्या कलगी-तुऱ्यासारखंच: समोरच्याने टाकलेलं कोडं तिथल्या तिथे सोडवायचं आणि त्याच्यावर उलटवायचं. अशा फडावर कुणी मागून चिठ्ठ्या पुरवत असेल, तर सामन्यात उरलं काय?

आणि पहिलंच गाजलेलं गाणं उसन्या शब्दांचं

आता गंमत पाहा. ज्या गाण्याने रॅप अमेरिकेच्या घराघरात पोचलं, ते 1979चं ‘रॅपर्स डिलाइट’. शुगरहिल गँग हे त्रिकूट निर्मात्या सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी या गाण्यासाठी न्यू जर्सीत जमवलं. त्यातला बिग बँक हँक तेव्हा पिझ्झाच्या दुकानात कामाला होता. काम करता करता तो ब्राँक्समधल्या ग्रँडमास्टर कॅझ या एमसीच्या टेपवर गुणगुणायचा, आणि तेच ऐकून त्याची निवड झाली. हँक मुळात रॅपर नव्हताच, कॅझच्या गटाची व्यवस्था पाहणारा होता. संधी चालून आल्यावर तो कॅझकडे गेला, आणि कॅझने आपली कवनांची वही त्याच्यापुढे ठेवली. नशीब उघडलं तर आपलीही आठवण ठेवतील, एवढाच कॅझचा हिशेब.

हँकने वहीतलं उचललं ते इतकं जसंच्या तसं, की आपल्या पाळीच्या सुरुवातीलाच तो एक नाव अक्षर-अक्षर सुटं करून सांगतो: सी, ए, एस, ए, एन, ओ, व्ही, ए, आणि पुढे एफ, एल, वाय. कॅसानोव्हा फ्लाय. ते हँकचं नाव नव्हतं. कॅझचं जुनं टोपणनाव होतं. चोरलेल्या अभंगातली ‘तुका म्हणे’ बदलायची राहून जावी, तसं झालं.

कॅझला ना श्रेय मिळालं, ना पैसा. त्याच गाण्याखाली वाजणारा ठेका शीक या बँडच्या ‘गुड टाइम्स’चा होता. त्याचे कर्ते नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कायद्याचा बडगा दाखवला आणि त्यांची नावं लेखक म्हणून लागली. म्हणजे ठेक्याच्या मालकांना न्याय मिळाला आणि शब्दांच्या मालकाच्या हाती भोपळा. ब्राँक्सच्या गल्लीतल्या पोराकडे वकील नव्हता, एवढाच फरक.

रॅपचा ‘शुद्ध’ काळ कधीतरी होता आणि पुढे पैशाने तो नासवला, असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. नासायला वेळच मिळाला नाही.

लिहून देतात म्हणजे काय देतात?

एकदा जवळून पाहू. रॅपची एक फेरी साधारण 16 ‘बार’ची असते. बार म्हणजे चार ठोक्यांची एक ओळ. मिनिटाला 90 ठोके अशी चाल धरली तर एक बार जेमतेम पावणेतीन सेकंदांचा, आणि 16 बार म्हणजे पाऊण मिनिटालाही थोडे कमीच. तेवढ्यात यमक जुळवायचं, श्वास घ्यायचा आणि शेवटच्या शब्दावर टोला हाणायचा.

इथे सूर फारसा नसतो. शब्द ठोक्याच्या आधी पडतो की नंतर, कुठे थांबतो, कुठे धावतो, यावरच सगळी मजा. याला ‘फ्लो’ म्हणतात. आपल्या शब्दांत, चाल. कागदावरून ती कळत नाही. म्हणून पडद्याआडचा लेखक बहुतेक वेळा कागद पाठवतच नाही. तो बीटवर, म्हणजे तयार ठेक्यावर, स्वतः रॅप करून कच्ची फीत पाठवतो. तिचं नाव ‘रेफरन्स ट्रॅक’. मोठा कलाकार हेडफोन लावतो, एक ओळ ऐकतो, ती आपल्या आवाजात म्हणतो, मग पुढची. चुकली तर तेवढीच ओळ पुन्हा.

म्हणजे भावगीताच्या गायकाला शब्द मिळतात तशी ही गोष्ट नाही. इथे शब्द, चाल आणि श्वास कुठे घ्यायचा हेसुद्धा तयार मिळतं. रॅपरच्या पदरचं उरतं ते गळा आणि नाव. हे सोपं आहे असं मात्र नाही. तीच ओळ दहाजण म्हणतील आणि एकाचीच अंगावर येईल.

मग ‘खरा’ कोण? ईझी-ईचं कोडं

1987 साली लॉस एंजेलिस परिसरात ‘बॉइझ-एन-द-हूड’ हे गाणं रेकॉर्ड झालं. शब्द आइस क्यूब या तरुण रॅपरचे. ज्या न्यूयॉर्कच्या गटासाठी ते लिहिलं होतं त्यांनी नाकारलं, म्हणून माइकसमोर ईझी-ईला उभं केलं. त्याने आयुष्यात रॅप केलं नव्हतं. निर्माता डॉ. ड्रेने त्याच्याकडून एकेक ओळ घोटून घेतली आणि मग जोडली. ऐकताना ते जाणवतंही. त्या अडखळत्या, काहीशा बेफिकीर आवाजातच त्या गाण्याची जादू आहे.

आता पाहा. ईझी-ई खरोखर अमली पदार्थ विकून पैसा कमावलेला. गाण्यातलं जगणं त्याच्या ओळखीचं. आइस क्यूब त्याच सुमारास वास्तुरचनेचा आराखडा कसा काढायचा ते शिकायला अॅरिझोनात जाऊन आलेला होतकरू पोरगा. लेखणी एकाची, अनुभव दुसऱ्याचा. लिहिणारा तो खरा म्हणाल तर क्यूब. जगलेला तो खरा म्हणाल तर ईझी. दोघंही खरे, आणि दोघंही अर्धेच.

इथे एक आक्षेप हटकून येतो: रॅपमधला ‘मी’ तरी कुठे खरा असतो? गाण्यातले सगळे खून कुणी केलेले नसतात. बरोबर. अतिशयोक्ती सगळ्यांना मान्य आहे. ऐकणारा घटना खऱ्या मागतच नाही. बढाई मारणाऱ्याने निदान ती स्वतः रचलेली असावी, एवढीच त्याची अट आहे.

डॉ. ड्रेला सूट का?

ड्रेचीच पुढची गोष्ट. 1992च्या ‘द क्रॉनिक’ या त्याच्या गाजलेल्या अल्बममागे द डी.ओ.सी. या लेखकाचा मोठा हात होता. डी.ओ.सी. स्वतः उत्तम रॅपर. 1989च्या मोटार अपघातात त्याचा आवाज गेला, लेखणी राहिली. आणि 1999चं ‘स्टिल डी.आर.ई.’ लिहिलं जे-झीने. या गाण्याचा सगळा आशयच ‘मी अजून तोच ड्रे आहे, माझं गल्लीशी नातं तुटलेलं नाही’ असा. कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांची ही शपथ न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या माणसाने लिहून दिली! 2022च्या सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मध्यंतरात कार्यक्रमाची सांगता याच गाण्याने झाली आणि स्टेडियम डोलत होतं.

कुणी हरकत घेत नाही, कारण ड्रेने स्वतःला शब्दांचा बादशहा म्हणवलेलंच नाही. त्याची ख्याती बीट बनवण्याची आणि माणसं घडवण्याची. तो सिनेमाचा दिग्दर्शक. संवाद दुसऱ्याने लिहिले तर बिघडतं काय? पफ डॅडी तर 2001च्या एका गाण्यात उघडच म्हणतो की मी यमकं लिहितो की नाही याची चिंता करू नका, मी चेक लिहितो. बिझ मार्की या रॅपरची कित्येक कवनं बिग डॅडी केन या दुसऱ्या रॅपरची, आणि ते कुणापासून लपवलेलं नव्हतं. लोक बिझच्या विदूषकी अवतारावर फिदा होते.

बायकांना मात्र ही सूट सहसा मिळत नाही, असं माझं निरीक्षण आहे. कार्डी बीच्या ‘बोडाक यलो’वर पार्डिसन फाँटेनचं नाव सहलेखक म्हणून उघड छापलेलं आहे. तरीही ‘तिचं कुणीतरी लिहून देतं’ हे जणू मोठं गुपित फोडल्याच्या थाटात सांगितलं जातं. रॉक्सान शांटेने 1984 साली, 14 वर्षांची असताना, एका बैठकीत समोरच्या गटाची खिल्ली उडवणारं अख्खं गाणं म्हटलं होतं. पुढे तिच्यासाठी केननेही लिहिलं. लोकांच्या लक्षात दुसरी गोष्ट आधी राहते.

2015: भांडं फुटलं, पण कुणाचं?

मीक मिल या रॅपरच्या अल्बममध्ये ड्रेकने एक फेरी म्हटली होती. जुलै 2015 मध्ये मीकने ट्विटरवर जाहीर केलं की ड्रेक स्वतःचं रॅप लिहीत नाही, ती फेरीही त्याची नव्हती. नाव पुढे आलं क्वेंटिन मिलर या तरुण लेखकाचं. लगोलग न्यूयॉर्कच्या हॉट 97 या रेडिओ केंद्रावर डीजे फंकमास्टर फ्लेक्सने ड्रेकच्या ‘10 बँड्स’ या गाण्याचा, मिलरच्या आवाजातला रेफरन्स ट्रॅक वाजवला. तोवर असल्या गोष्टींची कुजबुज असायची. आता लोकांनी कच्ची फीत कानांनी ऐकली.

ड्रेक संपला, असं वाटलं. झालं उलटंच. त्याने मीकवर लागोपाठ दोन गाणी सोडली. दुसऱ्या ‘बॅक टू बॅक’ला तर ग्रॅमीचं नामांकन मिळालं, आणि हसं मीकचं झालं. मिलरचं नाव ड्रेकच्या त्या वर्षीच्या अल्बमच्या श्रेययादीत आधीपासून छापलेलं होतं, त्यामुळे आपण वर केलेल्या वाटणीत तो तिथे भूत नव्हे, सहलेखक. ड्रेकने नंतर एका मुलाखतीत सांगितलं की कधी कधी ठिणगी टाकायला मला कुणीतरी लागतं, आणि संगीत मिळूनच होतं.

मग ‘गाणं चांगलं असलं की झालं’ हेच खरं का? मला वाटतं, अर्धं खरं. कविसंमेलनात कुणी दुसऱ्याची कविता छान म्हटली तर आपण टाळ्या वाजवतो. तीच त्याने काव्यस्पर्धेत स्वतःची म्हणून दिली तर बक्षीस काढून घेतो. ड्रेक नाचायला लावतो तेव्हा तो संमेलनात असतो. ‘माझ्या तोडीचा कुणी नाही’ म्हणतो तेव्हा स्पर्धेत. म्हणूनच त्याची लोकप्रियता तसूभर घटली नाही, आणि तरीही 2018 मध्ये पुशा टी या रॅपरने आणि 2024 मध्ये केंड्रिकने भांडायला उभं राहिल्यावर बोट ठेवलं ते याच जुन्या जखमेवर.

पैशाचा हिशेब

खरेपणावरच्या या चर्चेत एक माणूस कायम विसरला जातो: ज्याने लिहिलं तो.

अमेरिकी कायद्यात एका गाण्याचे दोन हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि संगीताचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. रचनेच्या लेखकांना दर प्रतीमागे ठरलेली रक्कम मिळते. 2006 ते 2022 या काळात पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला ती 9.1 सेंट होती, 2023 मध्ये 12 सेंट झाली. ढोबळ हिशेब करा: दहा लाख प्रतींवर 9.1 सेंटने 91 हजार डॉलर. निम्मे शब्दांचे धरले तर साडेपंचेचाळीस हजार. त्यात दोघं लेखक असले तर पुन्हा निम्मे. हे नुसतं विक्रीचं. ऑनलाइन ऐकण्याचा हिशेब वेगळा.

रेडिओचं तर अजबच आहे. तिथल्या नेहमीच्या रेडिओ केंद्रांवर गाणं वाजलं की पैसे रचनेच्या मालकांना जातात, गाणाऱ्याला नाही. त्यामुळे स्टारला लेखकांच्या यादीत आपलं नाव हवंच असतं. एल्व्हिसची माणसं हेच करत. न लिहिलेल्या गाण्यांवर त्याचं नाव लेखक म्हणून लागलेलं आहे.

खऱ्या भुताला मात्र एकरकमी पैसे देऊन मोकळं करतात. करार नीट केला असेल तर कायद्याच्या नजरेत पैसे देणाराच लेखक ठरू शकतो. आणि ‘रचना माझी, नाव लावा’ असा स्वतंत्र हक्क अमेरिकी कायदा गीतकाराला देतच नाही. तशी तरतूद आहे ती चित्र-शिल्पांसारख्या दृश्यकलेसाठी. गाणं पडलं तर एकरकमी घेणारा शहाणा. गाजलं तर आयुष्यभर रेडिओ लावायची चोरी.

आता आवाजही उसना

आपल्याकडे तुकोबांच्या बाबतीत चोरी उलटी झाली. लोकांनी अभंग स्वतः रचले आणि शेवटी मुद्रा लावली तुकोबांची. शब्द आपले, नाव मोठ्याचं. हिप-हॉपमध्ये ही उलटी चोरी यायला 2023 उजाडावं लागलं.

त्या एप्रिलमध्ये ‘हार्ट ऑन माय स्लीव्ह’ हे गाणं इंटरनेटवर आलं. आवाज ड्रेक आणि गायक द वीकेंड यांचे, पण दोघांनी ते गायलंच नव्हतं. एआयने त्यांचे गळे उभे केले होते. युनिव्हर्सल या संगीत कंपनीने हालचाल करून ते काढायला लावलं. कर्ता अंगावर पांढरी चादर ओढून, वर गॉगल लावून वावरायचा, आणि त्याने घेतलेलं नाव होतं ‘घोस्टरायटर’. त्याचं म्हणणं असं की मी वर्षानुवर्षं इतरांसाठी लिहीत आलो, मला जवळपास काहीच मिळालं नाही, नफा कंपन्यांनी खाल्ला.

पुढे ते गाणं ग्रॅमीसाठी पाठवलं गेलं. पुरस्कार देणाऱ्या संस्थेच्या प्रमुखांनी आधी सांगितलं की लिखाणाच्या बाजूने गाणं पात्र आहे, कारण ते माणसाने लिहिलंय. मग खुलासा आला की नाही, पात्र नाही. शब्दांबद्दल तक्रार नव्हतीच. आवाज मालकांच्या परवानगीने घेतलेले नव्हते.